दुधाचा कूलर, रात्रीचा फोन आणि न आलेला मेसेज

वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांनी विचारलंय: आमच्याकडे तीन हजार लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करून साठवायची टाकी आहे. रात्री मुक्कामाला कोणी नसतं. मागच्या महिन्यात रात्री कॉम्प्रेसर बंद पडला. पहाटे संकलनाला माणूस आला तेव्हा कळलं, तोवर बावीसशे लिटर दूध नासलं होतं. असं काही झालं की मोबाईलवर आपोआप मेसेज यावा, अशी सोय करायची आहे. कोणी टेलिग्राम म्हणतं, कोणी व्हॉट्सॲप, कोणी एसएमएस. नेमकं काय घ्यावं? आणि त्याच सोयीतून सभासदांना रोजच्या दुधाचा, फॅटचा मेसेज पाठवता येईल का?

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. दोन्ही कामं एकाच साधनावर टाकू नका. कूलरचा मेसेज एका माणसाला झोपेतून उठवण्यासाठी आहे. तो वर्षातून चार-पाच वेळाच यावा, पण आला पाहिजे तेव्हा यायलाच हवा. सभासदांचा मेसेज दोनशे घरांना हिशेब कळवण्यासाठी आहे. तो सातला आला काय किंवा नऊला आला काय, दूध नासत नाही. दोन-चार जणांना नाही मिळाला तर ते संस्थेत येऊन विचारतील. या दोन गरजा इतक्या वेगळ्या आहेत की एकीसाठी उत्तम असलेलं साधन दुसरीसाठी धोक्याचं ठरतं.

मी कुपवाडला गेली सोळा वर्षं पॅनेल आणि ऑटोमेशनची कामं करते. बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, गावांच्या पाणी योजना, छोट्या डेअऱ्या असं काम असतं. मोबाईलवर सूचना पाठवणारी यंत्रणा मी बऱ्याच ठिकाणी बसवली आहे आणि त्यातली एक वाईट फसली, ते पुढे सांगते. बावीसशे लिटर म्हणजे ३४ रुपये दर धरला तरी पाऊण लाखाच्या आसपास जातात, आणि ते पैसे शेवटी सभासदांच्याच खिशातून जातात. म्हणून उत्तर लांब झालं तरी सगळं लिहिते.

कुठलं ॲप घ्यायचं ते ठरवण्याआधी मेसेज कुठून कुठे जातो ते एकदा नीट बघा. टाकीत सेन्सर, त्याला जोडलेला छोटा बोर्ड, मग राऊटर, इंटरनेट, सूचना देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर, तिथून गूगलचा किंवा ॲपलचा सर्व्हर, तिथून तुमचा फोन, आणि शेवटी तुमचा कान. यातली एकही कडी निसटली की मेसेज येत नाही. आणि मेसेज आला नाही की आपण समजतो, सगळं ठीक चाललंय. या क्षेत्रातली सगळी मोठी नुकसानं मी या एका समजुतीतून झालेली पाहिली आहेत. साधनं निवडताना मी कायम एकच प्रश्न पुढे ठेवते: हे गप्प राहिलं तर मला कसं कळणार?

माझं फसलेलं काम असं. मिरज तालुक्यात एका छोट्या आईस्क्रीम व्यावसायिकाच्या कोल्ड रूमला मी यंत्रणा बसवली. सेन्सर मुठीत धरून गरम केला, तीन सेकंदांत मालकाच्या फोनवर मेसेज वाजला. सगळे खूश. पंधरा दिवसांनी रात्री लाईट गेली, जनरेटर उचलला नाही आणि मेसेजही आला नाही. मी बोर्डाला बॅटरी दिली होती, पण राऊटर ऑफिसच्या ट्यूबलाईटच्याच बोर्डावर होता. लाईट गेल्याची बातमी देणारी वाट स्वतः लाईटवर अवलंबून होती. सकाळी त्या माणसाने वितळलेले डबे दाखवले तेव्हा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. तेव्हापासून कुठेही गेले की आधी राऊटरची वायर कुठे जाते ते बघते. राऊटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावाच. फायबर असेल तर ओएनटीचा, म्हणजे फायबरची तार ज्यात येते तो डबाही त्याच यूपीएसवर घ्या, तो लोक विसरतात.

आता तुमच्या कूलरकडे येते. बहुतेक लोक सांगतील, तापमान ८ अंशांच्या वर गेलं की मेसेज पाठवा. हे पुरेसं नाही. कूलरच्या टाकीला चांगलं इन्सुलेशन असतं. एकदा ४ अंशांवर आलेलं दूध लाईट गेली तरी काही तासांत फार वर चढत नाही. तुमचं दूध गेलं ते थंड होऊन परत तापलं म्हणून गेलं असण्याची शक्यता मला कमी वाटते. बहुधा संध्याकाळचं पस्तीस अंशांचं दूध टाकीत पडलं आणि ते थंड व्हायच्या आतच कॉम्प्रेसर बसला. टाकी रात्रभर कोमटच राहिली. त्या तापमानाला जिवाणू किती झपाट्याने वाढतात ते तुम्हाला मी सांगायला नको, सकाळची सीओबी टेस्ट, म्हणजे उकळल्यावर दूध फुटतं का ती तपासणी, तुम्हीच बघता.

त्यामुळे तुमची खरी सूचना रात्री दोनला यायला नको, दहाला यायला हवी. हे कूलर साधारण तीन तासांत दूध ४ अंशांवर आणण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. संकलन आठला संपतं असं धरू. संकलनाच्या वेळात तापमान वर जाणारच, तेव्हा मेसेज पाठवायचाच नाही. त्यानंतर दर अर्ध्या तासाला बोर्डाने एवढंच बघायचं: आकडा खाली येतोय का? साडेनऊलाही दूध पंधरा अंशांच्या वर असेल तर काहीतरी बिघडलंय. त्या वेळी तुम्ही जागे असता, मेकॅनिकही फोन उचलतो, शेजारच्या संस्थेच्या टाकीत दूध हलवायलाही वेळ असतो. रात्री अकरानंतर मात्र साधा नियम लावा: ७ अंशांच्या वर सलग वीस मिनिटं राहिलं तर सूचना. "सलग" हा शब्द महत्त्वाचा आहे. एका क्षणाच्या उडीवर मेसेज पाठवणारी यंत्रणा महिन्याभरात लांडगा आला रे आला होते, आणि मग माणूस आवाजच बंद करून ठेवतो.

नुसती "लाईट आहे का" एवढंच मोजूनही भागत नाही. आपल्याकडे एक फेज जाणं ही नेहमीची गोष्ट. अशा वेळी ऑफिसचा बल्ब चालू, राऊटर चालू, आणि कूलरचा सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर वाचवायला ती बंद करणारा) ट्रिप होऊन कॉम्प्रेसर बंद. बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसतं. म्हणून तीन गोष्टी मोजा: दुधाचं तापमान, कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, लागलाय की नाही, आणि तिन्ही फेज आहेत की नाहीत. तापमानासाठी डीएस १८ बी २० हा स्टीलच्या नळीतला सेन्सर पुरतो, त्याची अचूकता आपल्या कामाच्या टप्प्यात अर्धा अंश आहे. बाजारात त्याचे नकली नग भरपूर आहेत, म्हणून लावण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याच्या जवळ दाखवतो का ते बघा. तो दुधात सोडू नका. टाकीला थर्मामीटरसाठी जी बंद नळी असते त्यात बसवा.

बोर्ड म्हणून ईएसपी ३२ चालेल, स्वस्त आहे आणि वाय-फाय त्यातच आहे. इथे एक अनुभव ध्यानात ठेवा. ३० सप्टेंबर २०२१ ला इंटरनेटवरचं एक जुनं मूळ सुरक्षा प्रमाणपत्र (सर्व्हर खरा आहे हे उपकरण ज्यावरून ओळखतं ते) कालबाह्य झालं आणि जगभर अनेक जुनी उपकरणं एका दिवसात सर्व्हरशी बोलायची थांबली. उपकरण धडधाकट, इंटरनेट धडधाकट, तरी मेसेज नाही. म्हणून बोर्डावरचा प्रोग्राम लांबून बदलता येईल अशी सोय बनवणाऱ्याकडून आधीच करून घ्या.

आता साधनं.

टेलिग्रामचा बॉट, म्हणजे प्रोग्रामने चालणारं खातं, फुकट आहे आणि बनवायला दहा मिनिटं लागतात. बॉटफादर नावाच्या खात्याशी बोलून टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, घ्यायचं, ते बोर्डाच्या प्रोग्रामात घालायचं. ज्याला मेसेज हवाय त्याने आधी बॉट उघडून एकदा "स्टार्ट" दाबावं लागतं, बॉट स्वतःहून कुणाशी बोलणं सुरू करू शकत नाही. बरेच जण इथेच अडकतात. संस्थेचा एक ग्रुप करा आणि त्यात दर तासाला तापमान पडू द्या. महिन्याभराची नोंद आपोआप तयार होते, मेकॅनिकला दाखवायला फार उपयोगी पडते. पण झोपेतून उठवण्यासाठी मी टेलिग्रामवर भरवसा ठेवत नाही. मेसेज एकदा टिंग वाजतो आणि थांबतो. शिवाय तासातासाला वाजणारा ग्रुप आठ दिवसांत सगळे जण म्यूट करतात, आणि त्यात काही चूकही नाही. टेलिग्रामला वही समजा.

एनटीएफवाय (ntfy) हे सूचना पाठवण्याचं साधन मला मनापासून आवडतं. ते मुक्त स्रोतातलं आहे, खातं उघडावं लागत नाही. तुम्ही एक विषय-नाव ठरवता, फोनमधल्या ॲपमध्ये ते नाव टाकता, आणि बोर्ड त्या नावाच्या पत्त्यावर एका ओळीची विनंती पाठवतो. झालं. एक ते पाच असं महत्त्व देता येतं, आणि अँड्रॉइडवर पाचव्या पातळीचा मेसेज फोन "डू नॉट डिस्टर्ब"वर असला तरी वाजेल असं सेटिंग करता येतं. एक काळजी मात्र घ्या: त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर ते विषय-नाव हाच पासवर्ड असतो. गावाचं नाव आणि एक-दोन-तीन असं काही ठेवलंत तर कोणीही तुमचे मेसेज वाचेल आणि खोटे पाठवेलही. वीस-बावीस अक्षरांचं, अर्थ नसलेलं नाव ठेवा. थोडी हौस असलेला मुलगा संस्थेत असेल तर स्वतःच्या सर्व्हरवरही हे चालवता येतं, पण मग तो सर्व्हर जिवंत ठेवायची जबाबदारी तुमची. एका दूध संस्थेने ती घेऊ नये असं माझं मत आहे.

पुशओव्हर हे पैसे देऊन घ्यायचं ॲप आहे. महिनाभर फुकट वापरून बघता येतं, नंतर एका प्रकारच्या फोनसाठी एकदाच सुमारे पाच डॉलर. दर महिन्याला दहा हजार मेसेज त्यातच येतात, तुम्हाला शंभरही लागणार नाहीत. मी याची शिफारस करते ती एका गोष्टीसाठी. त्यात "इमर्जन्सी" पातळीचा मेसेज पाठवला की तो कोणीतरी "पाहिलं" असं दाबेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राहतो. किती वेळाने वाजावा ते आपण ठरवायचं, कमीत कमी तीस सेकंद, आणि जास्तीत जास्त तीन तासांपर्यंत तो थांबत नाही. कोणी दाबलं ते बोर्डाला परत विचारताही येतं. म्हणजे दहा मिनिटांत तुम्ही दाबलं नाही तर बोर्ड चेअरमनना पाठवेल, त्यांनीही दाबलं नाही तर जवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्याला. ही पोहोच पावती फुकटच्या साधनांत सहज मिळत नाही, आणि रात्रीच्या सूचनेत तीच महत्त्वाची. मेसेज सर्व्हरवरून निघाला एवढ्याने काही होत नाही, माणूस उठला हे कळायला हवं.

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे म्हणून लोक तेच मागतात. अधिकृत मार्गाने जायचं तर व्यवसायाचं खातं, आधी मंजूर करून घेतलेले मेसेजचे साचे, आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक साच्याच्या मेसेजला दर, अशी पद्धत आहे. दुसरा मार्ग म्हणजे साध्या नंबरवर चोरवाटेने प्रोग्राम जोडणारी सॉफ्टवेअरं. ती कोणी फुकट लावून देतो म्हणालं तर नाही म्हणा. असा नंबर कधीही बंद होतो, आणि संस्थेचा जुना नंबर गेला तर सगळा गाव अडचणीत येतो. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्रही आठवा. व्हॉट्सॲप आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास बंद पडलं आणि साधारण सहा तास बंदच होतं. कूलरला ज्या वेळात पहारा हवा, नेमके तेच तास. हे कुठल्याही साधनाचं होऊ शकतं, म्हणूनच एका वाटेवर विसंबायचं नाही.

फुकटच्या सेवा कायमच्या बंदही होतात. जपानमध्ये भरपूर वापरली जाणारी लाईन नोटिफाय ही सेवा ३१ मार्च २०२५ ला बंद झाली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या घरगुती यंत्रणा गप्प झाल्या. म्हणून प्रोग्राम लिहून घेताना मेसेज पाठवण्याचा भाग एकाच जागी ठेवायला सांगा, म्हणजे उद्या पुशओव्हर काढून दुसरं घालायचं तर अर्ध्या तासाचं काम होईल.

दुसरी वाट कुठली, तर साधा फोन. शेतातल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर असतो ना, सिमकार्डवाला? लाईट आली की तो शेतकऱ्याला कॉल करतो. आपल्या भागात ही गोष्ट म्हाताऱ्या माणसालाही समजते, म्हणून मला ती फार आवडते. बोर्डाला सिमचं मॉड्यूल जोडा आणि इंटरनेट नसेल तेव्हा, किंवा पुशओव्हरवर कोणी दाबलं नाही तेव्हा, त्याला सरळ कॉल करू द्या. फोनवर डेटा बंद असला, ॲप झोपलेलं असलं तरी कॉल वाजतो. तो नंबर "कूलर" नावाने सेव्ह करून आवडत्यांत टाका आणि "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये त्याला सूट द्या.

मॉड्यूल घेताना दोन गोष्टी बघा. जुनी, स्वस्त मॉड्यूल टू-जीवर चालतात आणि जिओला टू-जी नाहीच, त्यात जिओचं सिम घालून लोक दिवसभर डोकं फोडतात. आणि फोर-जीचं घेतलंत तर त्यावर कॉल लागतो का हे विचारून घ्या, काही नुसता डेटा देतात. तिसरी गोष्ट यंत्राची नाही, माणसाची आहे: त्या सिमचा रिचार्ज. प्रीपेडची मुदत संपली की आउटगोइंग बंद, आणि कोणालाच पत्ता नसतो. मी दोन ठिकाणी तपासायला गेले तेव्हा पहारेकरी सिम कित्येक महिन्यांपासून मेलेलं होतं. वर्षाचा रिचार्ज एकदम मारा आणि संपण्याची तारीख संस्थेच्या भिंतीवर पेंटने लिहा.

आता त्या मूळ प्रश्नाकडे, की हे सगळंच गप्प झालं तर? बोर्ड जळाला, राऊटर अडकला, उंदराने वायर कुरतडली. अशा वेळी मेसेज पाठवायला कोणीच उरत नाही. त्यासाठी उलट्या दिशेने विचार करावा लागतो. बाहेर, दूर कुठल्यातरी सर्व्हरवर एक राखणदार ठेवायचा, आणि आपल्या बोर्डाने दर पाच मिनिटांनी त्याला "मी आहे" म्हणून हाक द्यायची. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही की तो राखणदार तुमच्या फोनवर सूचना पाठवतो. हेल्थचेक्स डॉट आयओ ही सेवा नेमकं हेच करते. वीस उपकरणांपर्यंत फुकट आहे, आणि टेलिग्राम, एनटीएफवाय, पुशओव्हर यांना तिथूनच जोडता येतं. पाच मिनिटांची हाक आणि दहा मिनिटांची सवलत ठेवा. छोट्या नेटवर्क खोळंब्यावर उगाच वाजणार नाही, आणि खरंच काही झालं तर पंधरा मिनिटांत कळेल.

तुमचं गाव कृष्णाकाठचं असेल तर हा भाग तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाचा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही कृष्णेची धोका पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा दिवसांत लाईट तर नसतेच, पण मोबाईल टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपलं की सिमचीही वाट बंद होते. तेव्हा तुमच्या गावातून बाहेर काहीच निघत नाही. हाक थांबली एवढी एकच बातमी मिळते, आणि ती द्यायला राखणदार पुराच्या बाहेरच बसलेला असावा लागतो. अर्थात तुमचा स्वतःचा फोनही त्याच टॉवरवर असेल तर ती बातमी तुम्हालाही मिळणार नाही. म्हणून सूचना घेणाऱ्यांत एक जण तरी ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर) किंवा पुण्यात राहणारा ठेवा. चेअरमनांचा मुलगा बाहेर नोकरीला असेल तर त्याचा नंबर घाला.

साखळीतली शेवटची कडी तुमचा फोन, आणि सर्वात जास्त मेसेज इथेच अडकतात. एका कोल्ड स्टोरेजमध्ये रात्री एक चाळीसला गेलेला मेसेज मॅनेजरला पहाटे पाच पन्नासला दिसला, त्याने फोन हातात घेतला तेव्हा. सर्व्हरने वेळेत पाठवला होता, फोनने बॅटरी वाचवण्यासाठी धरून ठेवला. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, फोन चार्जरवर नसताना स्क्रीन बंद करून स्थिर पडला की ॲप्सना झोपवण्याची सोय आहे. तातडीचे म्हणून पाठवलेले मेसेज त्यातूनही येतात, पण अनेक फोन कंपन्यांनी वर स्वतःची आणखी कडक बॅटरीबचत घातलेली असते. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरी "अनिर्बंध" करा, "ऑटोस्टार्ट" असेल तर चालू करा, आणि ॲप सेटिंगमधून "फोर्स स्टॉप" कधी करू नका, तसं केलं की ॲप पुन्हा उघडेपर्यंत त्याला मेसेज येतच नाहीत. अँड्रॉइड तेरापासून प्रत्येक ॲप सूचना दाखवण्याची परवानगी विचारतं. घाईत "नको" दाबलं गेलं की पुढे सगळं शांत. रात्री फोन चार्जरला लावून उशाजवळ ठेवायची सवय केलीत तर निम्मी काळजी मिटते. आयफोनवाल्यांना हा बॅटरीचा त्रास कमी, पण "फोकस" चालू असेल तर मेसेज मुकाट येतो. पुशओव्हरला तिथे "क्रिटिकल अलर्ट"ची वेगळी परवानगी देता येते, ती द्या.

मेसेजचे शब्दही आधीच ठरवा. कुलूप लावलेल्या स्क्रीनवर पहिले काही शब्दच दिसतात. "सूचना: आपल्या केंद्रातील तापमान निर्धारित मर्यादेपेक्षा" असं सुरू झालं तर अर्धवट झोपेत काहीच कळत नाही. "दूध ९.५ अंश, कॉम्प्रेसर बंद, २० मि." एवढं पुरे. सगळं परत ठीक झालं की तेही कळवा, नाहीतर माणूस पावसात गाडी काढून जातो आणि तिथे जनरेटर केव्हाचा चालू झालेला असतो.

सभासदांच्या मेसेजचं थोडक्यात सांगते. इथे साधा एसएमएसच योग्य. बऱ्याच घरांत दूध काढणारी वहिनी किंवा आई असते, तिच्याकडे बटणाचा फोन असतो, आणि स्मार्टफोन पोराकडे. संस्थेच्या साध्या सिमवरून रोज दोनदा दोनशे मेसेज पाठवू नका. असे घाऊक मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवणं नियमात बसत नाही आणि नंबर बंद होतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार संस्थेची डीएलटीवर (घाऊक मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या व्यवस्थेवर) नोंदणी, मेसेज पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव, आणि मेसेजचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मेसेज अडतो, म्हणून साचा मंजुरीला देण्याआधी चार सभासदांना वाचून दाखवा.

मराठीत पाठवायचं ठरवलंत तर, आणि मराठीतच पाठवा, एक हिशेब आहे. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाची वेगळी जागा मोजली जाते. त्याच्या पुढे गेलं की दोन मेसेजचे पैसे. हा साचा बघा (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक): "सकाळ 06/08: गाय 7.5 लि, फॅट 3.9, एसएनएफ 8.5, दर 34.20, रु 256.50". मोकळ्या जागा धरून ६४ होतात. संस्थेचं पूर्ण नाव घातलंत तर मर्यादा ओलांडली, वर्षाचा खर्च दुप्पट. नाव घालावंच लागलं तर पाच अक्षरांत बसेल असं काही काढा.

म्हणजे तुमच्यासाठी मी असं मांडेन: बोर्ड, राऊटर आणि सिमचं मॉड्यूल बॅटरीवर. रोजची नोंद टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये, आवाज बंद करून. उठवण्यासाठी पुशओव्हर, तीन माणसांना ओळीने. त्याला जोड म्हणून सिमचा कॉल. बाहेर हेल्थचेक्सचा राखणदार. सभासदांना डीएलटीवरून एसएमएस, कूलरशी संबंध नसलेल्या वेगळ्या व्यवस्थेतून. पैसे कमी असतील तर पुशओव्हरच्या जागी एनटीएफवाय घ्या, पण सिमचा कॉल आणि राखणदार या दोन गोष्टींवर बचत करू नका.

बसवून झालं की बसवणाऱ्या माणसाला लगेच सोडू नका. टाकी रिकामी असताना, त्याच्यासमोर एकेक गोष्ट तोडून बघा. आधी कॉम्प्रेसरचा एमसीबी पाडा. मग मेन स्विच. मग राऊटरची वायर काढा. मग सिम काढा. शेवटी बोर्डाचीच बॅटरी काढा आणि घड्याळ लावून बसा, पंधरा मिनिटांत बाहेरून मेसेज आला पाहिजे. प्रत्येक वेळी तिघांचे फोन त्यांच्या घरी, त्यांच्या उशाशी असू द्या, तुमच्या टेबलावर नकोत. हीच तपासणी दर महिन्याच्या एक तारखेला करा आणि पावसाळ्याआधी मे महिन्यात सगळी पुन्हा करा, कारण यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत न सांगता संपते.

यातलं बरंचसं करायला महिना जाईल. तोवर आजच दोन कामं उरका. राऊटर कुठल्या बोर्डावर आहे ते बघून या, आणि संध्याकाळचं संकलन संपल्यावर दोन तासांनी, दहाच्या सुमारास, टाकीचं तापमान बघून वहीत लिहायचं काम कोणाच्या तरी नावावर करा.